विस्मृतीचे मूळ शोधणारा वैद्य : डॉ. आलॉइस अल्झायमर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारलीही आहे. माणूस वयाने पिकला की त्याची बुद्धी जायचीच, त्यात नवल ते काय, असा या म्हणीचा भाव. आमच्या गोमंतकातील खेड्यांत तर एखादी वृद्धा वाट चुकली, आपल्याच लेकीला ओळखेनाशी झाली, की वाड्यावरची मुले तिला ‘पिशी’ म्हणून हाक मारून मोकळी होतात. पिशी म्हणजे वेडी. मुले हसतात, वडीलमाणसे हसू दाबतात, आणि ती वृद्धा मात्र कावरीबावरी होऊन सर्वांच्या तोंडाकडे पाहत राहते.

आमच्याही घरी असे घडले आहे. आमच्या आजीला पौषातील धाल्यांची गाणी रात्र रात्र मुखोद्गत असत. पुढे पुढे तिला सकाळी जेवल्याचे दुपारी आठवेना. तुळशीपुढे दिवा लागला की नाही, हे ती एका सांजेत दहादा विचारी. आपल्या पेटीतील पाटल्या सुनेने चोरल्या असा आळ तिने घेतला, तेव्हा आम्ही तिच्यावर संतापलो, आणि नको ते बोललो. त्या वेळी आम्ही कॉलेजात शिकत होतो. चार पुस्तके वाचल्याचा अभिमान होता. परंतु आपल्या आजीला रोग झाला आहे, ती खोटे बोलत नसून तिच्या मेंदूतील एक एक दिवा विझत चालला आहे, एवढे साधे ज्ञान आम्हांस नव्हते. ते पुष्कळ उशिरा झाले, आणि ते एका जर्मन वैद्याचे चरित्र वाचताना झाले. तेच चरित्र आम्ही या अंकात विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

आलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, माइन नदीच्या काठी वसलेल्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील एडुआर्ड हे सरकारी नोटरी होते. आई थेरेसिया ही वडिलांची दुसरी पत्नी. पहिली पत्नी बाळंतरोगाने गेली होती. कुटुंब सुखवस्तू, धर्माने कॅथलिक, आणि विद्येविषयी आस्था बाळगणारे होते. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून पुढे हे कुटुंब आशाफेनबुर्ग या मोठ्या गावी राहावयास गेले. तेथील विद्यालयातून आलॉइस १८८३ साली उत्तीर्ण झाला. निसर्गविज्ञानात त्याची गती विशेष होती, असे त्याच्या गुरुजनांचे मत होते. पुढे कोणता व्यवसाय करावा, याविषयी त्याच्या मनात फारसा संभ्रम उरला नव्हता. त्याने वैद्यकाचा मार्ग धरला.

बर्लिन, वुर्ट्‌सबुर्ग आणि ट्यूबिंगेन येथील विद्यापीठांत त्याने अध्ययन केले. थोरांचे चरित्र लिहिताना त्यांना बालपणापासूनच देवत्व देण्याची आपल्याकडे खोड आहे, ती आम्ही येथे टाळतो. आलॉइस हा काही केवळ ग्रंथांत डोके खुपसून बसणारा विद्यार्थी नव्हता. धिप्पाड अंगाचा, मित्रांत रमणारा असा तो होता. त्या काळच्या जर्मन विद्यार्थिमंडळांत तलवारीचे द्वंद्व खेळण्याची चाल होती. अशाच एका द्वंद्वात त्याच्या डाव्या गालावर वार बसला आणि त्याचा व्रण जन्मभर राहिला. पुढे छायाचित्र काढून घेताना तो उजवी बाजू पुढे करून बसे, असे सांगतात. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्राशी त्याची मैत्री जुळली तीही याच वयात. कानात मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर प्रबंध लिहून १८८७ साली त्याने वैद्यकाची पदवी मिळविली. विषय ऐकून हसू येईल. परंतु शरीराचा पातळ छेद घ्यावा, तो रंगवावा, काचेखाली ठेवावा आणि जे दिसेल ते प्रामाणिकपणे कागदावर उतरवावे, ही शिस्त त्याने या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावरच अंगी बाणविली.

१८८८ च्या डिसेंबरात डॉ. अल्झायमर फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्णांच्या व अपस्माराच्या रुग्णांच्या नगरपालिका-रुग्णालयात रुजू झाले. या रुग्णालयाची उंच, मनोऱ्यांची इमारत पाहून गावकरी त्याला वेड्यांचा राजवाडा म्हणत. ती वास्तू उभारण्यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले, ते डॉ. हाइनरिश होफमान जर्मन मुलांना ‘श्ट्रुवेलपेटर’ या चित्रमय बालपुस्तकाचे कर्ते म्हणून परिचित आहेत. होफमान यांच्या जागी आलेले डॉ. एमिल सिओली हे उदार विचारांचे अधिकारी होते. वेड्याला साखळदंड, कोंडी आणि जबरदस्तीचा झगा, हीच ज्या काळी अनेक ठिकाणी चिकित्सा समजली जाई, त्या काळी सिओली यांनी आपल्या रुग्णांना बंधनमुक्त ठेवण्याचे धोरण स्वीकारले. अस्वस्थ रुग्णाला कोमट पाण्याच्या टाकीत दीर्घकाळ बसवावे, बागेत फिरू द्यावे, त्याच्याशी बोलावे, अशी तेथील रीत होती. अल्झायमर यांना हे वातावरण मानवले. ते रुग्णाच्या खाटेशी बसत, त्याला प्रश्न विचारीत आणि त्याची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवीत. वेड्याच्या बोलण्यात काय टिपायचे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. या एका सवयीचे फळ किती मोठे निघाले, ते पुढे दिसेलच.

दुसऱ्याच वर्षी फ्रान्झ निस्सल हा तरुण वैद्य तेथे आला. निस्सलने विद्यार्थिदशेतच मेंदूच्या पेशींना रंग देण्याची एक नवी पद्धत शोधून काढली होती. तिच्यामुळे पूर्वी धूसर दिसणाऱ्या मज्जापेशी काचेखाली स्पष्ट दिसू लागल्या. दोघांची घट्ट मैत्री जमली. दिवसा रुग्णसेवा आणि रात्री सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम झाला. त्या काळी मनाच्या विकारांविषयी तर्कांचे पीक उदंड होते, परंतु प्रत्यक्ष पुरावा थोडा होता. जिवंतपणी रुग्णाची जी लक्षणे पाहिली, ती मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत दिसणाऱ्या बदलांशी ताडून पाहावयाची, हा या दोघा मित्रांचा ध्यास होता.

१८९४ साली अल्झायमर यांनी सेसिली गाइजेनहाइमर या विधवा स्त्रीशी विवाह केला. ती एका धनाढ्य हिऱ्यांच्या व्यापाऱ्याची पत्नी होती. दोन मुली आणि एक मुलगा अशी तीन अपत्ये झाली. संसार सुखाचा होता. पण तो सात वर्षेही पुरता टिकला नाही. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिली निवर्तली. धाकटी मुलगी तर तान्हीच होती. अल्झायमर यांची अविवाहित बहीण एलिझाबेथ हिने येऊन तिन्ही मुलांचा सांभाळ केला. तिचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कोठे कोरलेले नाही. परंतु ती आली नसती तर भावाच्या हातून पुढचे कार्य कितपत झाले असते, याची शंकाच आहे. मोठ्या पुरुषांच्या कीर्तीमागे अशी किती बहिणींची आयुष्ये मुकाट झिजलेली असतात! अल्झायमर यांनी आपले दुःख कामात बुडविले. दिवसभर रुग्णांत आणि रात्री प्रयोगशाळेत ते स्वतःला गुंतवून घेऊ लागले.

याच दुःखाच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, त्या रुग्णालयात एक स्त्री दाखल झाली. तिचे नाव आउगुस्टे डेटर. वय अवघे ५१. नवरा रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. कित्येक वर्षे या जोडप्याचा संसार नीटनेटका चालला होता. मग एके दिवशी बायको विनाकारण नवऱ्यावर संशय घेऊ लागली. स्वयंपाकात चुका होऊ लागल्या. ती वस्तू कोठेतरी लपवी आणि विसरून जाई. घरातल्या घरात ती निष्कारण फेऱ्या घाली. कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे, असे तिला वाटे. अखेर तिला घरी ठेवणे अशक्य झाले.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्या खाटेशी बसले. त्यांनी तिला तिचे नाव विचारले. ते तिने बरोबर सांगितले. आडनाव विचारले, तर पुन्हा तेच नाव आले. नवऱ्याचे नाव विचारले, तर थोडे घुटमळून पुन्हा आपलेच नाव. पेन्सिल, किल्ली, चिरूट अशा वस्तू दाखविल्या, तेव्हा तिने त्या ओळखल्या. पण थोड्याच वेळाने काय काय दाखविले होते असे विचारता तिला काही आठवेना. दुपारी ती फुलकोबी आणि मांस खात होती. काय खातेस म्हणून विचारले, तर तिने पालक असे उत्तर दिले. स्वतःचे नाव लिहावयास सांगितले, तर ‘श्रीमती’ एवढे लिहून ती थांबली, पुढचे विसरली. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे काहीतरी ती पुन्हा पुन्हा म्हणे. हे सारे अल्झायमर यांनी आपल्या हाताने लिहून ठेवले.

वाचकहो, ही टिपणे वाचताना आम्हांस राहून राहून आमच्या आजीच्या पाटल्या आठवल्या. आउगुस्टेचा नवऱ्यावरील संशय आणि आजीचा सुनेवरील आळ, यांत काय अंतर आहे? वस्तू कोठे ठेवली ती आठवण पुसली गेली, की रिकाम्या जागी मन स्वतःच एखादी कथा रचते. आणि त्या कथेत बहुधा सर्वांत जवळचा माणूसच चोर ठरतो. ते बोलणे दुष्टपणाचे नव्हे. ती रोगाची वाणी असते.

म्हातारपणी विसरभोळेपणा येतो हे तेव्हाही वैद्यांना ठाऊक होते. परंतु आउगुस्टे म्हातारी नव्हती. पन्नाशीत एवढा स्मृतिभ्रंश का व्हावा, हा प्रश्न अल्झायमर यांच्या मनाला लागून राहिला. १९०३ साली त्यांनी फ्रांकफुर्ट सोडले. थोर मानसरोगतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर ते प्रथम हायडेलबर्गला आणि त्याच वर्षी पुढे म्यूनिकला गेले. परंतु त्या बाईला ते विसरले नाहीत. तिची हकीकत ते फ्रांकफुर्टहून मागवीत राहिले.

म्यूनिकमध्ये त्यांनी मेंदूच्या सूक्ष्म रचनेची एक प्रयोगशाळा नावारूपास आणली. पत्नीच्या संपत्तीमुळे चरितार्थाची विवंचना नव्हती, म्हणून काही काळ ते पगार न घेताही काम करीत. जगातील नाना देशांचे तरुण वैद्य त्यांच्या हाताखाली शिकावयास येत. इटलीचे पेरुसिनी, बोनफिलिओ आणि चेर्लेत्ती होते. जर्मनीचे क्रॉइट्‌सफेल्ट, याकोब आणि लेवी होते. आफ्रिकेतील लायबेरियात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकलेले कृष्णवर्णीय वैद्य सॉलोमन कार्टर फुलर हेही १९०४-०५ साली तेथे होते, आणि या रोगाविषयी पुढे त्यांनी मोलाचे लेखन केले. अल्झायमर प्रत्येक विद्यार्थ्याच्या मेजाशी बसत, त्याच्या सूक्ष्मदर्शकातून पाहत आणि समजावून सांगत. बोलण्याच्या भरात हातातील चिरूट बाजूला ठेवीत आणि पुढच्या मेजाकडे जाताना तो विसरत. दिवसअखेर प्रत्येक मेजावर एक एक अर्धवट चिरूट आढळे, अशी आठवण त्यांच्या शिष्यांनी सांगितली आहे. विस्मृतीचा हा अभ्यासक स्वतः असा विसराळू होता! परंतु हे कामात गढून गेलेल्या माणसाचे विसरणे होते. असे विसरणे आणि रोगाने विसरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चष्मा कोठे ठेवला ते न आठवणे हा साधा विसरभोळेपणा. चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे हा रोग.

८ एप्रिल १९०६ रोजी आउगुस्टे डेटर मरण पावली. शेवटच्या काळात ती कोणाशी बोलत नसे; पाय पोटाशी ओढून अंथरुणावर पडून असे. सर्व काळजी घेऊनही तिच्या अंगाला शय्याव्रण झाले होते. सिओली यांनी तिचे टिपण आणि तिचा मेंदू म्यूनिकला पाठविला. अल्झायमर यांनी त्याचे पातळ छेद घेतले. सुदैवाने त्याच सुमारास बिएलशोव्हस्की या संशोधकाची चांदीच्या क्षाराने मज्जातंतू रंगविण्याची नवी पद्धत उपलब्ध झाली होती. तिच्यामुळे पूर्वी कोणाला न दिसलेली गोष्ट दिसली.

मेंदू सर्वत्र आकसलेला होता. त्याच्या बाह्यकात दोन गोष्टी ठळकपणे दिसत होत्या. पहिली ही, की पेशींच्या आतील बारीक तंतू जाड होऊन एकमेकांत गुरफटले होते. विणकराच्या मागावरचे सूत गुंतावे तसा हा गुंता. कित्येक ठिकाणी तर पेशी मरून नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी केवळ गुंत्याची जुडी शिल्लक होती. बाह्यकातील सुमारे पाव ते एकतृतीयांश पेशींत हा बिघाड असल्याचे त्यांनी नोंदविले. दुसरी ही, की पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत, एका निराळ्याच पदार्थाचे बारीक बारीक डाग साचले होते. असे डाग त्यापूर्वीही काही संशोधकांना वृद्धांच्या मेंदूत आढळले होते. परंतु पेशींतील गुंता, डाग आणि रुग्णाची हरपलेली स्मृती या तिन्हींची सांगड अल्झायमर यांनी घातली.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे मानसरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हा शोध मांडला. ज्या नगरीत ते विद्यार्थी म्हणून राहिले होते, त्याच नगरीत. भाषण संपले. अध्यक्षांनी प्रश्न विचारण्यास सांगितले. सभागृहात कोणी चकार शब्द काढला नाही. टीका झाली असती तरी बरे, पण तीही झाली नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. पुढील वर्षी त्यांचे हे निवेदन दोन-तीन पानांत छापून आले, तेव्हाही फारसा गाजावाजा झाला नाही. परीक्षेत अपेक्षित गुण न मिळाले, किंवा सभेत आपल्या भाषणाला टाळ्या न पडल्या, म्हणून खचून जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ट्यूबिंगेनच्या त्या सभेतील शांतता अवश्य आठवावी. अल्झायमर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला लागले.

पेरुसिनी यांनी १९०९ साली अशाच चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या सुप्रसिद्ध पाठ्यग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत या विकाराला ‘अल्झायमरचा रोग’ असे नाव दिले. गंमत अशी, की खुद्द अल्झायमर यांना हा स्वतंत्र रोग आहे की वार्धक्यातील बुद्धिभ्रंशाचेच लवकर आलेले रूप आहे, याविषयी शंका होती. आणि १९११ साली त्यांनी ती मोकळेपणाने लिहून ठेवली. स्वतःच्या नावाने रोग ओळखला जात असताना त्याविषयी शंका घेणारा शास्त्रज्ञ विरळा. आणि ती शंका किती रास्त होती! पुढे १९७० नंतरच्या दशकात वैद्यकाने मान्य केले की साठी-सत्तरीनंतर होणारा सामान्य स्मृतिभ्रंशही बहुतांशी याच रोगाचा असतो. एका पन्नाशीच्या स्त्रीचा दुर्मिळ विकार म्हणून जो मानला गेला, तो घरोघरच्या वृद्धांचा विकार ठरला. म्हण मात्र तीच राहिली.

आज या रोगाविषयी पुष्कळ अधिक माहिती झाली आहे. पेशींबाहेरील डाग बीटा-अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात, हे १९८४ नंतर उलगडले. आतील गुंता टाउ नावाच्या प्रथिनाचा असतो, हेही त्याच दशकात कळले. निरोगी प्रौढ मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. या रोगात ते हळूहळू घटते, घड्यांमधील खाचा रुंदावतात आणि आतील पोकळ्या मोठ्या होतात. बहुधा हा क्षय हिप्पोकॅम्पस या भागापासून व त्याच्या शेजारून सुरू होतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याला हे ग्रीक नाव. नव्या आठवणी साठविण्याचे काम हा भाग करतो. म्हणूनच रोगी सकाळचे जेवण विसरतो आणि चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न त्याला स्वच्छ आठवते. आमच्या आजीला आमचे नाव आठवत नसे, पण धाल्यांचे एखादे गाणे कोणी सुरू केले, की पुढची ओळ तिच्या ओठांवर येई. तेव्हा आम्ही तिला ढोंगी समजलो होतो. हाय रे आमची विद्या!

हा रोग केवळ स्मृतीचा आहे, असाही एक गैरसमज आहे. मेंदू हा शरीराचा सारथी. सारथ्याचेच भान गेल्यावर घोडे काय करणार? रोगी आपण जेवलो की नाही हे विसरतो, वास आणि चव मंदावते, भूक मरते. हिंडणेफिरणे कमी होते, आणि न वापरलेला स्नायू झिजतो. पुष्कळ रुग्णांत रोगाच्या प्रारंभीच वजन आणि अंगातील मांस घटू लागते. स्मृतीचा दोष उघड होण्यापूर्वीही वजन उतरल्याचे कधी कधी आढळते. चाल मंदावते, मूठ सैल होते, तोल जातो. कित्येकदा हातापायांत बळ असूनही गुंडी कशी लावावी, पायरी कशी उतरावी, याचा क्रमच मेंदू विसरतो. अखेरीस गिळण्याचे स्नायूही नीट चालेनासे होतात, अन्नाचे कण फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. आउगुस्टेही शेवटी अशीच पाय पोटाशी घेऊन अंथरुणावर पडून राहिली होती. म्हणून अशा वृद्धांना वेळेवर भरविणे आणि जमेल तोवर हाताला धरून अंगणात फिरविणे, ही औषधाइतकीच मोलाची सेवा होय.

आता चरित्राचा शेवट सांगतो. १९१२ साली अल्झायमर यांची ब्रेस्लाऊ विद्यापीठात मानसरोगशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. हे शहर आज पोलंडमध्ये व्ह्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. आयुष्यभराच्या श्रमाचे हे फळ होते. परंतु तिकडे जाताना आगगाडीतच ते आजारी पडले. घशाच्या विकारातून हृदयाला अपाय झाला आणि ती प्रकृती पुन्हा पहिल्यासारखी सुधारली नाही. तरीही तीन वर्षे त्यांनी अध्यापन, रुग्णसेवा आणि संस्थेचा कारभार ओढला. त्यातच १९१४ साली महायुद्ध पेटले. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांनी देह ठेवला. वय होते ५१ वर्षांचे; आउगुस्टे रुग्णालयात आली तेव्हा तिचे होते तेवढेच. फ्रांकफुर्टच्या स्मशानभूमीत, चौदा वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नीच्या शेजारी, त्यांना पुरण्यात आले.

त्यांनी आउगुस्टेविषयी लिहिलेली टिपणे पुढे जवळजवळ नव्वद वर्षे नाहीशी झाली होती. १९९५ च्या डिसेंबरात फ्रांकफुर्टच्या रुग्णालयातील जुन्या दप्तरात संशोधकांना एक निळे बाड सापडले. त्यात ३२ पाने होती. अल्झायमर यांचे हस्ताक्षर होते, आउगुस्टेचे छायाचित्र होते, आणि तिने अर्धवट सोडलेली स्वतःची सहीही होती. त्यानंतर म्यूनिकमध्ये तिच्या मेंदूच्या छेदांच्या मूळ काचाही मिळाल्या. आधुनिक तज्ज्ञांनी त्या पुन्हा तपासल्या, आणि अल्झायमर यांना जे दिसले होते ते खरेच होते, असा निर्वाळा दिला. खाटेशी बसून टिपलेले साधे प्रश्नोत्तर शतकाच्या अंतराने साक्ष द्यावयास उभे राहिले!

या रोगावर अद्याप पूर्ण बरे करणारा उपाय नाही. जगात आज पाच कोटींहून अधिक माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत, आणि त्यांतील बहुसंख्यांच्या मुळाशी हाच रोग आहे. काही औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात. अलीकडे, २०२३ पासून, अमिलॉइडचे डाग कमी करून रोगाची गती थोडी मंद करणारी औषधेही परदेशांत मान्य झाली आहेत. तथापि रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, धूम्रपान टाळणे, ऐकू कमी येत असल्यास त्यावर वेळीच उपाय करणे, शरीर हलते ठेवणे आणि माणसांत मिसळणे यांनी धोका काहीसा घटतो, असे अभ्यासकांचे मत आहे. विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आणखी आहे. लहानपणी मिळालेले शिक्षण हेही मेंदूचे एक संचित मानले जाते. आज तुम्ही जे वाचता, पाठ करता, त्यातले पुष्कळ तुम्ही विसराल. पण त्या श्रमाने मेंदूत जी बळकटी येते ती म्हातारपणाच्या शिदोरीत पडते.

आमची आजी आता नाही. तिची क्षमा मागण्याची वेळ आमच्या हातून निघून गेली. परंतु आमच्या वाचकांच्या घरी आजी आहेत, आजोबा आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर दहाव्यांदाही पहिल्यासारखेच उत्तर द्या. त्यांनी तुमच्यावर आळ घेतला तर वाद घालू नका. हरवलेली वस्तू त्यांच्याबरोबर शोधू लागा. वाट चुकलेली वृद्धा रस्त्यात दिसली तर तिला पिशी म्हणून हाक न मारता हाताला धरून घरी पोचवा. आणि रोगाचा संशय वाटल्यास, हे वयाचेच म्हणून सोडून न देता, वडीलमाणसांना सांगून वैद्याकडे न्या.

डॉ. अल्झायमर आपल्या रुग्णाला बरे करू शकले नाहीत. त्यांनी एवढेच केले, की सर्वांनी जिला वेडी म्हणून सोडून दिले असते, तिच्या खाटेशी ते बसले, तिला तिचे नाव विचारले आणि तिचे उत्तर मन लावून ऐकले. तेवढे तर आपल्यापैकी कोणालाही करता येण्यासारखे आहे.